बाबांच्या पित्तनलिकेत ब्लॉक, ब्रश रिपोर्ट निगेटिव्ह, तरी सर्जन ऑपरेशनच म्हणतायत

जाईजुई:
नमस्कार मंडळी. डोकं जागेवर नाहीये त्यामुळे लिहिण्यात पुढंमागं झालं तर समजून घ्या. बाबा ६४ वर्षांचे, शुगर आहे पण कंट्रोलमध्ये, बाकी दवाखान्याची पायरी न चढणारा माणूस. आधी नुसती खाज, रात्र रात्र अंग खाजवत बसायचे, आम्ही स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं, मग एक दिवस डोळे पिवळे दिसले, लघवी एकदम गडद आणि शौचाचा रंग पांढुरका. पोटात दुखणं नाही, ताप नाही, फक्त भूक गेली आणि वजन उतरलं. बिलिरुबिन (काविळीचं मोजमाप) १६ आलं, त्यातलं बरंचसं डायरेक्ट, अल्कलाइन फॉस्फेटेज खूप वाढलेलं. सोनोग्राफीत खडा कुठेच नाही पण लिव्हरच्या आतल्या नळ्या दोन्ही बाजूंनी फुगलेल्या आणि पित्ताशय मात्र आक्रसलेलं, रिकामं. सीटीत आलं की उजवी आणि डावी नळी जिथे एकत्र येते तिथेच अरुंद झालंय. मग ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोचतात ते) करून स्टेंट, म्हणजे नळी मोकळी ठेवणारी बारीक नळी, टाकला, त्याच वेळी ब्रश फिरवून पेशींचा नमुना घेतला. एमआरसीपी (पित्ताच्या नळ्यांचा एमआरआय) त्यानंतर केली. सीए १९-९ (कॅन्सरच्या संशयात रक्तात बघतात ते मार्कर) स्टेंटच्या आधीचं ८४०.

आता खरा गोंधळ. ब्रशचा रिपोर्ट आला "निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी", म्हणजे कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. आम्हाला वाटलं सुटलो. सर्जन म्हणाले या रिपोर्टने काही ठरत नाही, मला हा पित्तनलिकेचा कॅन्सरच वाटतोय, कावीळ उतरली की लिव्हरचा उजवा भाग आणि नळी काढावी लागेल. दुसऱ्या एका डॉक्टरांना फाईल दाखवली तर ते म्हणाले पुरावा नसताना एवढं मोठं ऑपरेशन कशाला, परत नमुना घ्या. दादा तर अडूनच बसलाय की कागदावर कॅन्सर लिहून आल्याशिवाय बाबांना टेबलावर घेऊ देणार नाही. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. कॅन्सर आहे की नाही हे ऑपरेशनच्या आधी नक्की कळतच नाही का? आणि कळत नसेल तर लोक निर्णय कसा घेतात?

भोवरा:
माझ्या मावशीचं सेम टू सेम. ब्रश निगेटिव्ह, परत केला तोही निगेटिव्ह, शेवटी तसंच ऑपरेशन केलं आणि काढलेल्या भागात कॅन्सर निघाला. सर्जन आधीपासून तेच सांगत होते. तेव्हा निगेटिव्हवर फार भरवसा ठेवू नका एवढंच सांगेन. बाकी तज्ज्ञ बोलतीलच. बाबांना लवकर बरं वाटू दे.

निमूट:
मी नेमकं उलटं सांगणार आहे. माझ्या सासऱ्यांना पण "कॅन्सरच आहे" म्हणून ऑपरेशनची तारीख दिली होती. एका पोटाच्या डॉक्टरांनी सीटी परत बघितला तर स्वादुपिंड पण सुजून गुळगुळीत लांबुळकं झालेलं, मग त्यांनी रक्तात आयजीजी४ (एक प्रकारची अँटिबॉडी, ती वाढून नळीला सूज येणारा आजार असतो) पाठवलं ते चांगलंच वाढलेलं निघालं. स्टिरॉइड सुरू केल्यावर काही आठवड्यांत नळी मोकळी, कावीळ गायब, ऑपरेशन रद्द. आज ते मस्त फिरतायत. त्यामुळे ताई, आयजीजी४ झाल्याशिवाय कशालाही हो म्हणू नका. आणि ज्यांना कापण्याची घाई असते त्यांना दोन प्रश्न जास्त विचारा.

स्केलपेल:
मी लिव्हर-पित्तनलिकेचा सर्जन आहे, म्हणजे निमूट यांच्या भाषेत घाईवाल्यांपैकी :) तुमच्या बाबांना मी तपासलेलं नाही, फिल्म बघितलेल्या नाहीत, तेव्हा हे फक्त विषय समजण्यापुरतं घ्या. थोडं लांब होईल.

पहिलं, तुम्ही दिलेल्या माहितीतच बरंच काही आहे. पित्ताशय रिकामं आणि आतल्या नळ्या दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, याचा अर्थ अडथळा वर आहे, पित्ताशयाची नळी जोडली जाते त्याच्याही वर. खाली अडथळा असता तर पित्ताशय टम्म फुगलं असतं. या जागेच्या कॅन्सरला बरेच लोक क्लॅट्स्किन ट्यूमर म्हणतात, कारण क्लॅट्स्किन यांनी १९६५ मध्ये अशा १३ पेशंटचं वर्णन केलं होतं. पित्तनलिकेच्या कॅन्सरचे तीन भाऊ समजा, लिव्हरच्या आतला, लिव्हरच्या दाराशी असलेला आणि खालचा, स्वादुपिंडाजवळचा. तिघांचं निदान करायची रीत वेगळी आहे, नेटवर वाचताना लोक तिन्हींची सरमिसळ करतात आणि घाबरतात.

दाराशी असलेला सगळ्यात अवघड. गाठ अशी दिसतच नाही बऱ्याचदा, नळीची भिंत जाड होते आणि आतून नळी बंद होत जाते. सीटीवर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा अरुंद भाग, बस. त्यामुळे निदान एका रिपोर्टवर होत नाही, पाच-सहा गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतायत का ते बघतात. दुखणं नसलेली कावीळ, वजन उतरणं, खडा नाही, आधी पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं नाही (झालं असेल तर त्या वेळी नळीला इजा होऊन नंतर ती आवळते, हे नक्की सांगा), अरुंद भाग अचानक आणि वेडावाकडा संपतो की हळूहळू निमुळता होतो, भिंतीला कॉन्ट्रास्ट धरला जातो का, बाजूच्या पोर्टल व्हेनला (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी मोठी शीर) किंवा लिव्हरच्या धमनीला वेढा पडलाय का, लिव्हरचा एखादा भाग सुकून आक्रसलाय का. शेवटच्या दोन गोष्टी असतील तर माझा संशय खूपच बळावतो, साध्या सुजेमुळे एकाच बाजूचं लिव्हर सुकणं आणि शिरेवर वेढा असं दोन्ही एकत्र क्वचित दिसतं.

दुसरं, सीए १९-९. ८४० आकडा बघून घाबरू नका आणि त्याला पुरावाही मानू नका. नॉर्मल ३७ पर्यंत धरतात, पण पित्त अडलं की साध्या खड्यानेसुद्धा तो शेकड्यात जातो, इन्फेक्शन असेल तर हजारातही. कावीळ उतरल्यावर परत करा. बिलिरुबिन खाली आलं आणि सीए १९-९ पण धपकन खाली आलं तर एक गोष्ट, बिलिरुबिन उतरूनही ते वरच बसलं असेल तर संशय वाढतो. आणि ५ ते १० टक्के लोकांच्या शरीरात हे मार्कर बनतच नाही, रक्तगटासारखीच जन्मजात गोष्ट आहे, त्यांच्यात कॅन्सर असूनही आकडा नॉर्मल राहतो.

तिसरं, निमूट यांचा मुद्दा. शंभर टक्के बरोबर आहे. आयजीजी४ चा आजार जास्त करून वयस्कर पुरुषांमध्येच दिसतो, म्हणजे तुमच्या बाबांच्या वयाचेच, आणि तो हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो. बहुतेकांमध्ये स्वादुपिंडही सुजलेलं असतं, लाळग्रंथी किंवा किडनीत खुणा असू शकतात, त्या सीटीत मुद्दाम शोधाव्या लागतात. रक्तातली आयजीजी४ प्रत्येक अशा पेशंटची व्हायलाच हवी. पण इथे एक मेख आहे, खऱ्या कॅन्सरमध्येही ती थोडीफार वाढलेली सापडते. नॉर्मलच्या चौपट वगैरे असेल तर भरवसा ठेवता येतो, जरा वर असेल तर नाही. म्हणून "चला स्टिरॉइड देऊन बघू" असं कुठल्याही आधाराशिवाय करू नये, स्टिरॉइडने कॅन्सरभोवतीची सूज पण जरा उतरते, पेशंटला बरं वाटतं आणि महिने वाया जातात. आधार असेल तर द्यायचं आणि २ ते ४ आठवड्यांत परत स्कॅन करून स्वच्छ फरक दिसलाच पाहिजे, नाहीतर थांबायचं.

आता तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. स्टेंट प्लास्टिकचा की मेटलचा? कुठल्या बाजूला आहे, उजव्या की डाव्या? आणि एमआरसीपी स्टेंटनंतर केली म्हणताय, मग आधीचा सीटी नीट तीन फेजचा (कॉन्ट्रास्ट देऊन तीन वेगवेगळ्या वेळी काढलेला) होता का? एमआरआय खरं तर स्टेंट टाकायच्या आधी करायची असते, एकदा स्टेंट गेला की नळ्या रिकाम्या होतात, भिंत सुजते, आणि रोग कुठपर्यंत गेलाय ते वाचणं कठीण होतं. हे सगळीकडे वारंवार घडतं, कावीळ जास्त म्हणून आधी मोकळं करू अशी घाई होते. झालं ते झालं, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या घरी असा पेशंट असेल तर ताप नसताना आधी एमआरआय, मग स्टेंट.

काचपट्टी:
मी पॅथॉलॉजिस्ट आहे, ब्रशच्या काचा रोज बघतो, म्हणून निगेटिव्हबद्दल माझ्याकडून. हा कॅन्सर स्वभावाने चिवट, कडक असतो. पेशी थोड्या आणि त्यांच्याभोवती तंतूंचं जाड जाळं. त्यात तो नळीच्या आतल्या पृष्ठभागावर कमी आणि भिंतीच्या आत, भिंतीला धरून लांबवर जास्त पसरतो. ब्रश फिरतो तो फक्त आतल्या अस्तरावर. भिंतीचा वरचा रंग खरवडून आत ओल आहे का ते ठरवण्यासारखं आहे ते, रंग कोरडा निघाला म्हणून भिंत कोरडी असं नाही.

आकड्यात सांगायचं तर ज्यांना नक्की कॅन्सर आहे अशा १०० लोकांचं ब्रश केलं तर ४५ च्या आसपास पॉझिटिव्ह येतात. चिमट्याने तुकडा घेतला तरी फार फरक नाही, ५० च्या अलीकडेच. दोन्ही मिळून केलं तर ६० च्या जवळ. म्हणजे निगेटिव्ह ही फार दुबळी बातमी आहे. उलट पॉझिटिव्ह आलं तर ते जवळजवळ पक्कं, तिथे चूक फार क्वचित होते.

रिपोर्टमध्ये एक गोष्ट बघा, नमुना पुरेसा होता असं कुठे लिहिलंय का. कधीकधी काचेवर मोजक्या पेशी असतात आणि "निगेटिव्ह" लिहून जातं, त्याला खरं तर "अपुरा" म्हणायला हवं. मधल्या पायऱ्याही असतात, "अटिपिकल" (पेशी नेहमीपेक्षा वेगळ्या) आणि "सस्पिशियस" (कॅन्सरचा संशय), त्यातलं सस्पिशियस आलं आणि स्कॅन पण तसाच असेल तर बहुतेक ठिकाणी त्याला गंभीरपणे घेतात. आणि हो, परत ब्रश करणार असाल तर फॉर्मवर "स्टेंट आत आहे" हे लिहायला सांगा. स्टेंटच्या घासण्याने साध्या पेशीसुद्धा मोठ्या, विचित्र दिसायला लागतात आणि आम्ही दोन्ही बाजूंनी फसू शकतो.

काचा दुसरीकडे दाखवता येतात, लॅबकडून त्या मागून घ्यायचा हक्क आहे तुमचा. लिव्हर-पित्तनलिका नियमित बघणाऱ्याने परत बघितल्या तर कधीकधी निगेटिव्हचं अटिपिकल होतं, मी स्वतः असं मत बदललेलं लिहून दिलंय इतरांच्या काचांवर. शिवाय त्याच नमुन्यावर फिश नावाची तपासणी होते, त्यात पेशींमधल्या ठराविक गुणसूत्रांच्या प्रती जास्त झाल्यात का ते रंगीत ठिपके मोजून बघतात. सगळीकडे मिळत नाही, पण मिळत असेल तर ब्रश निगेटिव्ह असलेल्यांपैकी काही जण त्यात पकडले जातात.

जाईजुई:
दोन्ही डॉक्टरांचे खूप खूप आभार, एवढं शांतपणे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. स्टेंट प्लास्टिकचा आहे. डाव्या बाजूला आहे असं ईआरसीपीच्या नोटमध्ये लिहिलंय. पहिला सीटी तीन फेजचा होता. रिपोर्टमध्ये "टाइप ३ ए" असं काहीतरी आहे आणि "उजव्या पोर्टल व्हेनला लागून" असंही. पित्ताशयाचं ऑपरेशन कधी झालेलं नाही. आयजीजी४ केलेलंच नाहीये!! उद्याच देतो. ब्रशच्या रिपोर्टमध्ये "लो सेल्युलॅरिटी" असा शब्द आहे, काचपट्टी सर, हेच ना ते?

आणि एक दादाचा प्रश्न आहे, मलाही तो रास्त वाटतो. पोट उघडल्यावर आधी तुकडा काढून तिथल्या तिथे तपासता येत नाही का? कॅन्सर निघाला तर पुढे जा, नाहीतर शिवून टाका. एवढं साधं असताना लिव्हर आंधळेपणाने कापायचं कशाला?

काचपट्टी:
हो, तेच ते. लो सेल्युलॅरिटी म्हणजे पेशी कमी. मी असतो तर निगेटिव्ह लिहिलं नसतं, पण काच बघितल्याशिवाय दुसऱ्याच्या रिपोर्टवर जास्त बोलत नाही.

स्केलपेल:
टाइप ३ ए म्हणजे रोग दोन्ही नळ्यांच्या संगमापासून उजव्या बाजूच्या आतल्या फांद्यांपर्यंत गेलाय असा अंदाज. बिस्मथ आणि कोर्लेट यांनी १९७५ मध्ये केलेली ही वर्गवारी आहे. म्हणून उजवा भाग काढायचा आणि डावा ठेवायचा. जो भाग ठेवायचा त्याचीच कावीळ आधी उतरवायची असते, तेव्हा स्टेंट डाव्या बाजूला आहे हे चांगलं झालं. प्लास्टिकचा आहे हेही चांगलं, जाळीचा मेटल स्टेंट एकदा रुतला की काढता येत नाही आणि निदान पक्कं व्हायच्या आधी या जागी तो टाकू नये.

आता दादांचा प्रश्न. ऑपरेशनमध्ये तिथल्या तिथे तपासणी करतात त्याला फ्रोझन म्हणतात, आम्ही ती करतोच, पण कापलेल्या नळीच्या टोकाशी रोग उरलाय का हे बघायला. निदानासाठी ती फार कामाची नाही. एक म्हणजे ही जागा लिव्हरच्या खोबणीत खोल, बाजूला मोठ्या शिरा, तिथपर्यंत पोचेपर्यंत निम्मं ऑपरेशन झालेलं असतं. दुसरं, गाठीत घुसून तुकडा काढला आणि ती कॅन्सर असली तर पेशी पोटात सांडल्या, मग ज्यासाठी ऑपरेशन करतोय तेच घालवलं. आणि तिसरं, काचपट्टी यांनी सांगितलेली अडचण तिथेही सुटत नाही, तंतूंच्या जाळ्यात दोन-चार पेशी, त्या गोठवलेल्या तुकड्यात सापडल्या नाहीत तर परत "निगेटिव्ह", आणि मी टेबलापाशी उभा राहून त्यावर विश्वास ठेवू की नको?

म्हणून काढता येण्यासारखा रोग आहे आणि सगळ्या खुणा कॅन्सरकडे जातायत अशा वेळी बायोप्सी पॉझिटिव्ह असलीच पाहिजे अशी अट ऑपरेशनसाठी घालत नाहीत, जगभरात हीच पद्धत आहे. तुमचे सर्जन काही अघोरी सांगत नाहीयेत. पण केमो किंवा रेडिएशन द्यायचं असेल, म्हणजे ऑपरेशन शक्य नसेल, तर मात्र तुकड्याचा पुरावा लागतोच. दुसऱ्या डॉक्टरांचा नियम त्या बाबतीत बरोबर आहे.

निमूट:
डॉक्टर, मान ठेवून विचारतो. असं न सिद्ध होता काढलेल्यांपैकी किती जणांमध्ये शेवटी कॅन्सर निघतच नाही? तो आकडा पण सांगा की.

स्केलपेल:
सांगतो ना, लपवण्यासारखं काही नाही. वेगवेगळ्या सेंटरचे आकडे वेगळे, पण साधारण दहात एकाच्या आसपास धरा. त्यांच्यात आयजीजी४, साधी सूज, खड्याने बाहेरून दाबलेली नळी (मिरिझी म्हणतात त्याला), टीबीच्या गाठींचा दाब असं काहीबाही निघतं. आणि हे ऑपरेशन जिवावरचं असू शकतं, चांगल्या हातातसुद्धा ५ ते १० टक्के लोक त्यातून वाचत नाहीत. म्हणजे ज्याला कॅन्सर नव्हताच त्यानेही ती जोखीम घेतलेली असते. मला ते चालतं का, तर नाही चालत, अशा पेशंटचा पॅथॉलॉजी रिपोर्ट हातात घेऊन नातेवाईकांसमोर बसणं ही या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. पण दुसऱ्या पारड्यात उरलेले नऊ आहेत. त्यांच्यात बरं व्हायची शक्यता देणारा उपचार म्हणजे रोग मुळासकट काढणं, आणि खात्रीची वाट बघत बसलं तर रोग शिरेत शिरतो आणि मग काढताच येत नाही.

तुमच्यासाठी त्यातली कामाची गोष्ट अशी की बाबांचं ऑपरेशन असंही लगेच होणार नाहीये. बिलिरुबिन १६ वर असताना एवढं लिव्हर काढता येत नाही, आमच्यापैकी बरेच जण ते ३ च्या खाली यायची वाट बघतात, त्याला काही आठवडे जातात. शिवाय उजवा भाग काढल्यावर उरणारा डावा पुरेल का हे सीटीवर मोजतात, काविळीने थकलेल्या लिव्हरला ४० टक्क्यांच्या आसपास तरी उरावं अशी अपेक्षा असते. कमी पडत असेल तर उजवी पोर्टल व्हेन आतून बंद करतात म्हणजे डावा भाग वाढतो, त्यालाही तीन ते सहा आठवडे. हा सगळा वेळ फुकट घालवायचा नसतो. आयजीजी४, कावीळ उतरल्यावरचं सीए १९-९, काचा दुसऱ्याला दाखवणं, सीटी एखाद्या याच विषयातल्या रेडिओलॉजिस्टने परत वाचणं, आणि हवं असेल तर कोलँजिओस्कोपी, हे सगळं याच काळात बसतं, ऑपरेशन एक दिवसही पुढे न ढकलता. मात्र लिव्हर तयार झालं आणि तरीही "अजून एक ब्रश करून बघू" असं सुरू झालं, तर तिथून पुढचा प्रत्येक आठवडा बाबांच्या खिशातून जातोय असं समजा.

कोलँजिओस्कोपी म्हणजे ईआरसीपीतूनच बारीक कॅमेरा नळीच्या आत नेतात, अस्तर डोळ्याने दिसतं, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या दिसल्या तर संशय वाढतो आणि बघून नेमका तिथलाच तुकडा घेता येतो. अंदाजाने ब्रश फिरवण्यापेक्षा बरं, तरी तेही दर तीनात एखादा कॅन्सर चुकवतं. शिवाय नळीत परत हात घातला की इन्फेक्शनचा आणि स्वादुपिंडाला सूज यायचा धोका आहेच. त्यामुळे उत्तराने निर्णय बदलणार असेल तरच करा.

आडवाट:
मध्येच घुसते, पण आमच्या आईला खालच्या बाजूचा होता, तिला एंडोस्कोपीतून सोनोग्राफी करून सुईने नमुना घेतला आणि पहिल्या फटक्यात निदान झालं. मग ब्रशचा एवढा खटाटोप कशाला, यांना सुईने का नाही घेत? आमच्या डॉक्टरांनी तर किती सोपं करून टाकलं होतं.

स्केलपेल:
चांगला प्रश्न. खालच्या गाठीत सुई जठराला लागून असलेल्या ड्युओडेनममधून जाते आणि व्हिपल ऑपरेशनमध्ये (स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम आणि खालची पित्तनलिका काढतात ते) तो भाग गाठीबरोबर निघूनच जातो, त्यामुळे सुईच्या वाटेत पेशी पडल्या तरी फारसं बिघडत नाही. वरच्या, लिव्हरच्या दाराशी असलेल्या गाठीत सुई जठरातून किंवा बाहेरून पोटातून जाते, ती वाट शरीरातच राहते, तिथे कॅन्सर रुजू शकतो. काही निवडक लोकांना, ज्यांची गाठ ३ सेंटिमीटरपर्यंतच आहे पण जागेमुळे काढता येत नाही, त्यांना आधी केमो-रेडिएशन देऊन लिव्हर ट्रान्सप्लांट करतात. मेयो क्लिनिकने १९९३ पासून ही पद्धत रुळवली. त्यात अटच आहे की मूळ गाठीत पोटातून सुई घातलेली असेल तर पेशंट बाद. म्हणून जाईजुई, कोणी "पटकन एक सुई मारून घेऊ" म्हणालं तर आधी सर्जनला फोन करा. लिम्फ नोडमधून सुईने नमुना घेणं ही वेगळी गोष्ट, ते लांबच्या नोडमध्ये रोग गेलाय का बघायला करतात.

लिव्हरच्या आतल्या गाठीचं परत तिसरंच, तिथे कावीळ उशिरा येते, गाठ स्कॅनवर ठसठशीत दिसते, आणि प्रश्न असतो की ही लिव्हरचीच आहे की आतड्यातून वगैरे आलेली. तिथे काढण्यासारखी नसेल तर बायोप्सी करून त्याच तुकड्यावर जीनच्या तपासण्याही करतात कारण आता काहींवर नेमकी औषधं आहेत. तुमच्या विषयाशी त्याचा संबंध नाही, सोडून द्या.

जाईजुई:
थोडं अपडेट देते, बरेच दिवस लॉगिन झालं नाही. आयजीजी४ नॉर्मल आलं, स्वादुपिंड पण सीटीत साफ आहे असं दुसऱ्या रेडिओलॉजिस्टने लिहून दिलं, आणि त्यांनीच दाखवलं की लिव्हरचा उजवा भाग थोडा सुकलाय, पहिल्या रिपोर्टमध्ये ते नव्हतंच. बिलिरुबिन ४ वर आलंय पण सीए १९-९ अजून ६१० आहे. काचा दुसरीकडे दिल्या, तिथून "अटिपिकल, मोजक्याच पेशी" असं आलं. सगळ्या डॉक्टरांची एकत्र मीटिंग झाली, त्यात ब्रशवाले, केमोवाले, रेडिओलॉजिस्ट सगळे होते. कोलँजिओस्कोपी करायची का यावर त्यांच्यातच दोन मतं होती, शेवटी नको ठरलं कारण निगेटिव्ह आली तरी ते ऑपरेशनच सांगणार होते. उजवी पोर्टल व्हेन बंद करायची तारीख मिळालीय. ऑपरेशनच्या सुरुवातीला आधी दुर्बिणीने पोटात बघणार, पोटाच्या पडद्यावर किंवा लिव्हरवर बारीक दाणे दिसले तर तुकडा घेऊन थांबणार, पुढे जाणार नाहीत. दादाला हे ऐकून जरा बरं वाटलं, किमान एक थांबायची जागा आहे म्हणून. तो अजून पूर्ण तयार नाहीये पण मीटिंगमध्ये त्याने दहात एकचा प्रश्न तोंडावर विचारला आणि सर्जननी आकडा न लपवता सांगितला, तेव्हापासून भांडणं थांबलीत.

बाबांना आम्ही काय सांगायचं यावरून घरात वेगळंच चाललंय, तो दुसरा धागा होईल.

एक शेवटचं विचारू का, पेटसीटी करा असं एक नातेवाईक मागे लागलेत, त्यात कॅन्सर असेल तर "चमकतो" म्हणे आणि मग खात्रीच होते. आणि काल रात्री बाबांना थंडी वाजून ताप आला होता, सकाळी उतरला. वाट बघू का?

काचपट्टी:
पेटबद्दल डॉक्टर स्केलपेल सांगतील, तापाचं मात्र त्यांची वाट न बघता आत्ता दवाखान्यात फोन करा.

स्केलपेल:
वाट अजिबात बघू नका, आजच न्या. स्टेंट असलेल्या माणसाला थंडी वाजून ताप म्हणजे स्टेंट तुंबलाय आणि वर अडकलेल्या पित्तात इन्फेक्शन झालंय असंच धरून चालायचं, ताप आपोआप उतरला तरी. रक्ताच्या कल्चरचा नमुना घेऊन अँटिबायोटिक सुरू करतील, बिलिरुबिन परत वर गेलं असेल तर स्टेंट बदलतील. जाताना ईआरसीपीची नोट आणि शुगरची औषधं बरोबर घ्या. रक्त गोठण्याचा रिपोर्ट, पीटी-आयएनआर, नवीन करायला सांगा, काविळीत व्हिटॅमिन के शोषलं जात नाही त्यामुळे तो बिघडलेला असू शकतो आणि इंजेक्शनने सुधारतो. पोर्टल व्हेनची तारीख यामुळे पुढे जाईल, जाऊ दे, इन्फेक्शन असताना ते करायचंच नसतं.

पेटमध्ये सूजही चमकते आणि स्टेंटभोवती सूज असतेच, शिवाय हा कॅन्सर तंतुमय असल्याने कधीकधी चमकतही नाही. लांब कुठे पसरलाय का यासाठी मीटिंगने सांगितलं तर करा, नळीतला प्रश्न त्याने सुटणार नाही. नातेवाईकांना नंतर सांगा, आधी बाबांना घेऊन निघा.

जाईजुई:
निघालो. दादा गाडी काढतोय.